सुट्या भागांची खोली

राई, २० नोव्हेंबर २०२४

स्वाती पोरी,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन आला तेव्हा रुक्मिणी मागच्या दारी जवळा वाळत घालत होती. मी पत्र सदऱ्याच्या खिशात सरकवलं आणि तलावाच्या कट्ट्यावर जाऊन वाचलं. घरात वाचलं असतं तर तिने नुसतं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं.

फोन न करता लिहिलंस, बरं केलंस. दसऱ्याच्या त्या फोनपासून तुझं नाव स्क्रीनवर आलं की ही उठून आत जाते, आणि दाराआड उभी राहून ऐकते. मग मीही ‘हो’, ‘बरं’, ‘जेवलो’ याच्या पुढे जात नाही. “आमचा पोर जाऊन चार वर्सं न्हाय झाली, नि तुला हलद लावायची घाई,” हे ती तुला बोलली ते मी शेजारी बसून ऐकलं होतं. ते विसर, असं मी म्हणणार नाही. सासूने बोललेलं सून विसरत नाही, हे मी माझ्या आईच्या आणि रुक्मिणीच्या वेळेपासून बघत आलोय. फक्त तू फोन ठेवल्यावर तिने दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

आधी लग्नाचं. मला आनंद झाला. कौस्तुभ कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतात, त्यांची पहिली बायको आजाराने गेली, माणूस शांत आहे, हे सगळं वाचलं. शांत माणूस बरा. भूपेश शांत नव्हता, म्हणून तुला शांत माणसाची सवय व्हायला वेळ लागेल, एवढंच.

आता दुसरी गोष्ट. भूपेशच्या खोलीतली यंत्रं बंद करा, असं तू लिहिलंस. रोज सकाळी तिकडे नागपुरात ऑफिसात पोचलीस की तू जगभरच्या संगणक देणाऱ्यांच्या गुणांची ती यादी उघडतेस, आणि त्यात भूपेशचं नाव कालच्यापेक्षा जरा वर सरकलेलं असतं. ‘बाबा, त्याचं नाव असं रोज चालत असताना मी दुसऱ्याच्या शेजारी पाटावर कशी बसू?’ हे वाक्य वाचून मी पत्राची घडी करून ते पुन्हा खिशात ठेवलं.

बंद करीन. तुझं म्हणणं खरं आहे. पण जरा थांब. माझं काही नाही, रुक्मिणीचं आहे. ती रोज सकाळी देवाला दिवा लावते आणि तशीच त्या खोलीच्या दारात येऊन विचारते, “आज कितवा हाय?” मी यादी बघून सांगतो. मग ती चहा ठेवते. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

तुझं पत्र वाचल्यापासून मला सारखी पहिली गोणी आठवते. तू लग्न होऊन आलीस त्याच्या दुसऱ्या वर्षी असेल. संगणक-दुरुस्तीचं दुकान बंद करून भूपेश स्कूटरवर गोणी बांधून आला आणि ओटीवर रिकामी केली. हिरव्या पाट्या, वायरी, पंखे, धुळीने काळे झालेले डबे. कुठल्याशा ऑफिसाने जुने संगणक भंगारात काढले होते. मी म्हटलं, “अरे, लोक घरातलं भंगार बाहेर काढतात, तू बाहेरचं आत आणतोस?” तर हसत म्हणाला, “बाबा, एकाचं डोकं गेलंय, एकाचं काळीज. दोघांचं मिळून एक माणूस उभं करतो.”

आणि केलं की! लाकडी फळीवर पाटी स्क्रूने बसवायची, फळी उत्तनच्या बंदरावरून आणलेल्या माशांच्या क्रेटमध्ये उभी करायची, वर पंखा सुतळीने बांधायचा. ना पेटी, ना पडदा. एकच स्क्रीन, ती पाळीपाळीने सगळ्यांना लावायची. तू जमिनीवर मांडी घालून खोडरबराने मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात घासत बसायचीस. इथल्या खाऱ्या हवेत ते हिरवे पडतात ना. रुक्मिणी बाहेरून म्हणायची, “सुनेला पाटी-पेन्शिल आनून दिली कं रं?”

नावं तूच ठेवलीस. बोंबील, करली, मांदेली, पापलेट. सगळ्यांत मंद होतं त्याला रुक्मिणीने निवटी नाव दिलं, चिखलात सरपटते तशी म्हणून.

असो. कागद संपत आला. थोडी सवड दे.

तुझे,
बाबा


राई, ८ डिसेंबर २०२४

स्वाती,

मी एक करून पाहिलं. सगळी एकदम बंद केली तर रुक्मिणीच्या लक्षात येईल, म्हणून एकेक करावं म्हटलं. ती बाजारात गेली असताना मांदेलीची वायर काढली. एकाने काय फरक पडतो? बाकीची घोंघावतच होती.

ती आली, पिशवी ठेवली, पाणी प्यायली, आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “कोन बंद हाय?”

मी म्हटलं, “कुठे कोण बंद?”

“आवाज कमी हाय. बारका आवाज व्हता तो न्हाय.”

म्हटलं, मांदेलीचा पंखा अडकलाय, बघतो. ती येऊन खोलीच्या उंबऱ्यावर बसली. मी वायर लावली, मांदेली सुरू झाली. ती उठून मासे साफ करायला गेली. बस, एवढंच झालं. पण पुन्हा हात लावायचं धैर्य मला झालं नाही.

गेल्या रविवारी रोशन आला होता. अजून येतो तो. भूपेशचा दुकानातला भागीदार, पण आता नातेवाईकच झालाय. सिल्व्हर पार्कवरून इतक्या लांब बाईक घेऊन येतो आणि येताना काहीतरी आणतोच. या वेळी दोन पंखे आणि एक पॉवर सप्लाय. करलीच्या पाटीवरचे कपॅसिटर फुगले होते, त्यामुळे ती मधेच झोपायची. आम्ही करली सोडवली आणि तिचे चांगले भाग बोंबलात आणि पापलेटात घातले. म्हणजे करली गेली. मला वाटलं होतं रुक्मिणी काही बोलेल. तर म्हणाली, “दुसऱ्यांच्या कामी आली ना? मग झालं.”

रोशनचं बोलणं तुला ठाऊक आहे. “काका, आप भी ना! या वयात लोक हरिपाठ करतात, तुम्ही मदरबोर्ड बदलताय.” मी त्याला म्हटलं, मिठागर बंद पडल्यापासून माझे हात रिकामे होते रे. फावडं गेलं, हे आलं.

खरंच तसं आहे. मला भूपेशने जे समजावलं होतं ते तुला आठवतं का? मी विचारलं होतं, या भंगारातून तुला मिळतं काय? पगार नाही, बक्षीस नाही. लांबच्या देशातलं कुठलंसं विद्यापीठ, त्यांचं गणित आपण आपल्या विजेवर सोडवायचं, आणि बदल्यात यादीत नावापुढे गुण. तर तो मला बांधावर घेऊन गेला. म्हणाला, “बाबा, भरतीचं पाणी तुम्ही एका खड्ड्यात घेतलं असतं तर मीठ झालं असतं का?” म्हटलं, नाही, वाफे पाडावे लागतात, पाणी वाटून द्यावं लागतं, प्रत्येक वाफा आपलं आपलं सुकतो. “मग हेच आहे. क्षयाच्या जंतूच्या आत काय आहे, कुठल्या औषधाने तो मरेल, याचं गणित समुद्राएवढं आहे. ते जगभरच्या घराघरांत वाटून दिलंय. आपल्या खोलीत आपले पाच वाफे.”

माझी बहीण विमला क्षयाने गेली तेव्हा तो नववीत होता. तिला खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेणारा तोच. म्हणून त्याने हेच काम निवडलं असणार. कधी बोलला नाही. तुझ्याजवळ बोलला होता का?

मला ते वाफ्यांचं पटलं आणि त्या दिवसापासून मी त्या खोलीत जाऊ लागलो. आधी नुसता बसायचो. मग तू पंखे पुसायला शिकवलंस. लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद, बाहेर पोलीस, आणि आपण चौघं त्या एका खोलीत. रुक्मिणी तांदळाच्या भाकऱ्या तिथेच आणून द्यायची. तुझे बाबा तेव्हा असते तर त्यांनाही बोलावलं असतं. लालबाग सोडून जेसल पार्कात आलेला तो माणूस माझ्याशी मिठाबद्दल किती चौकशी करायचा! जगात लोक मरत होते, आणि मला ते दिवस आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे वाटतात. कुणापुढे म्हणता येत नाही, तुझ्यापुढे म्हणतो.

यंत्रं चालू आहेत. रागावू नकोस.

तुझे,
बाबा


राई, २ जानेवारी २०२५

स्वाती पोरी,

तुझं दुसरं पत्र आलं. तू रागावली नाहीस, उलट ‘तुम्हाला जमेल तेव्हा’ असं लिहिलंस. त्यापेक्षा रागावली असतीस तर बरं झालं असतं.

लग्न फेब्रुवारीच्या शेवटी ठरलं. नोंदणी पद्धतीने, मग घरगुती जेवण. ‘माझ्या बाजूने कोणी नसलं तरी चालेल,’ असं तू लिहिलंस. कसं चालेल? पण आत्ता मी काही वचन देत नाही. रुक्मिणीशिवाय मी एकटा येऊन उभा राहिलो तर ते येणं नव्हे, पळून येणं होईल.

इथे एक वेगळंच घडलंय. रोशन परवा आला. मोबाइल पुढे धरून म्हणाला, “काका, दुकानाच्या पत्त्यावर मेल आलाय. भूपेशच्या नावाने.” त्याने वाचून मराठीत सांगितलं. त्या विद्यापीठाचं काम होत आलंय. या महिन्याअखेर शेवटची गणितं वाटली जातील, पुढे नवीन काम येणार नाही. इतकी वर्षं ज्यांनी ज्यांनी आपले संगणक दिले त्या सगळ्यांचे आभार मानलेत. औषध सापडलं असं काही नाही म्हटलेलं. कुठली वाट चुकीची, कुठली चालून बघण्यासारखी, एवढं कळलंय, आता पुढचं काम प्रयोगशाळांचं.

मी विचारलं, “मग आता ही यंत्रं?”

रोशन म्हणाला, “टेन्शन नको काका. अशी बरीच प्रोजेक्ट आहेत. हवामान आहे, तारे आहेत. मी चुटकीसरशी दुसरं जोडून देतो. नाव तेच, यादी तीच. सगळ्या कामांचे गुण एकाच नावावर येतात. काकूंना कळणारही नाही.”

मी म्हटलं, थांब, महिनाअखेरपर्यंत बघू.

तू आता म्हणशील, बाबा, देवाने वाट दाखवली, आपोआप बंद पडतंय तर पडू द्या. मीही स्वतःला तेच म्हणतोय. पण रोशन गेल्यावर मी बोंबिलाचा पंखा काढून पुसत बसलो, आणि तो स्वच्छ असतानाही पुसत होतो.

तुला एक सांगतो. भूपेश कोरोनाने दवाखान्यात होता तेव्हाचा त्याचा शेवटचा फोन मला आला होता. तू औषधाच्या दुकानापुढच्या रांगेत होतीस. त्याला धाप लागत होती, तरी म्हणाला, “बाबा, उन्हाळा आहे, यंत्रं तापली असतील. पंखे पुसताय ना?” मी म्हटलं, पुसतोय. म्हणाला, “बरं.” त्यानंतर नर्सने फोन घेतला.

हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण त्याने तुझ्याबद्दल काही विचारलं असतं तर ते सांगण्यासारखं होतं. पंख्यांचं काय सांगायचं? पण मी पंखे पुसतोय, स्वाती. तेव्हापासून रोज पुसतोय. रुक्मिणीसाठी यंत्रं चालू ठेवलीत असं मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते अर्धंच खरं आहे, हे आता लिहून टाकतो.

बाबा


राई, १ फेब्रुवारी २०२५

स्वाती,

काल दुपारी तुला रुक्मिणीचा फोन आला. ती तुला काय बोलली ते तुला माहीत आहे. तो फोन कसा आला ते तुला माहीत नाही, म्हणून लगेच लिहायला बसलोय.

सकाळी मी खोलीत गेलो तर चारही यंत्रं गप्प होती. म्हणजे पंखे फिरत होते, पण हळू, काम नसल्यासारखे. आपल्या गणितांचा शेवटचा तुकडा रात्रीत संपला होता. स्क्रीन लावून बघितली. दर थोड्या वेळाने यंत्र तिकडे विचारत होतं, काम आहे का? आणि तिकडून उत्तर येत होतं, नाही. पुन्हा विचारत होतं. माणसं नाक्यावर उभी राहतात ना, कुणीतरी मजुरीला बोलावेल म्हणून, तसं.

रुक्मिणी दिवा लावून दारात आली. “आज कितवा हाय?”

मी नंबर सांगितला. कालचाच होता. ती म्हणाली, “हाय तिथंच हाय?”

मग मी तिला सगळं सांगितलं. विद्यापीठाचं काम संपलं, मेल आला होता, रोशन दुसरं काम जोडून देतो म्हणाला आहे. तुझंही सांगितलं. तू यंत्रं बंद करायला का म्हणालीस, यादीतलं नाव सरकताना बघून तुझं काय होतं, सगळं. मला वाटलं आता ती आकांत करील. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली,

“मंग रोशनला बोलवा. जोडा दुसरं.”

“का?”

“तुमच्यासाठी.”

मला कळेना. म्हटलं, “माझ्यासाठी? अगं, रोज सकाळी येऊन तूच विचारतेस!”

तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच वेडा. “मी कशाला विचारतंय? मना काय कलतं त्या नंबरातलं? पोर गेल्यावर तुमी बोलनं सोडलंव. दिसभर भिंतीला पाठ लावून बसायचंव. जेवन पुढं ठेवलं तरी हात लावायचंव न्हाय. ह्या खोलीत आलंव की मातर हात चालायचं, नि नंबर विचारला की तोंड उघडायचं. मंग चा पिवाचंव. म्हनून विचारतंय. रोज. यवढी वर्सं.”

पोरी, मी तिच्यासाठी यंत्रं चालू ठेवत होतो आणि ती माझ्यासाठी नंबर विचारत होती. आणि आम्हा दोघांच्या या सगळ्यात तू तिकडे नागपुरात रोज सकाळी त्या यादीपुढे बसत होतीस.

मी म्हटलं, “आणि त्या दिवशी मांदेलीचा आवाज बंद झाला तेव्हा उंबऱ्यावर येऊन बसलीस ते?”

“घाबरले. म्हटलं, ह्यांनी आता हे पन सोडलं.”

मग तिने विचारलं, “त्यांचं काम खरंच झालं? कां आपल्याला काडून टाकला?”

“झालं. आभार मानलेत त्याचे. नावाने.”

“वाचा.”

रोशनने माझ्या मोबाइलवर पाठवलेला तो मजकूर मी तिला मराठी करून वाचून दाखवला. ती तुकड्यातुकड्याने ऐकत होती. ‘तुमच्याशिवाय हे झालं नसतं’ असं त्यात होतं, ते तिने पुन्हा वाचायला लावलं. मग पदराने डोळे पुसले. मी म्हटलं, “बोलावू का रोशनला? हवामानाचं काम आहे म्हणतो.”

“नको,” ती म्हणाली. “आपला पोर कामाचा व्हता. घेतलेलं काम त्यानं पुरं केलं. आता कामावरनं सुटला. सुटलेल्या पोराला परत कशाला कामाला लावताव? येऊ द्या त्याला घरी.”

मी एकेक वायर काढली. मांदेली, पापलेट, बोंबील, शेवटी निवटी. निवटीची तिने स्वतः काढली. खोलीत इतकं शांत झालं की मागच्या खाडीवरच्या बगळ्यांचा आवाज आला. तो आवाज त्या खोलीत येतो हे मी विसरूनच गेलो होतो.

मग ती म्हणाली, “स्वातीला फोन लावा.” मी लावला. तू उचलशील की नाही याची मला खात्री नव्हती. तू उचललास. ती तुला “पोरी, मी चुकीचं बोलले, मना माफ कर” असं म्हणाली, तेव्हा मी बाहेर जायला निघालो होतो, तिने हाताने खूण करून मला बसवलं. पुढे तू रडलीस, ती रडली. फोन ठेवल्यावर काय झालं ते सांगतो. तिने तोंड धुतलं, केस विंचरले, आणि म्हणाली, “नागपूरला जायला गाडी कंची?”

मी म्हटलं, “कशाला?”

“कशाला म्हंजे? पोरीचं लग्न हाय. तिचा बाप न्हाय, आई न्हाय. तिला कोन देनार, रोशन?”

बाबा


राई, १३ फेब्रुवारी २०२५

स्वाती पोरी,

गाडीची तिकिटं रोशनने काढून दिली. आम्ही लग्नाच्या दोन दिवस आधी पोहोचू. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, नवरीने धावपळ करायची नसते, असा इकडचा हुकूम आहे. कौस्तुभ आले तर चालेल म्हणे. तिला त्यांना आधी एकटीने बघायचंय, असा माझा अंदाज.

घरात रुखवताची गडबड चालू आहे. काकी आणि मावशा येऊन बसतात. गावात काही बायकांनी तोंडं वाकडी केली. सुनेला कोण उजवतं, असंही एक-दोघी बोलल्या. रुक्मिणीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सून व्हती तवर सून. आता लेक हाय. लेकीला उजवत न्हाय कं कोन?” त्यानंतर कुणी विषय काढला नाही. एकच अडचण आहे. तिने सुके बोंबील आणि जवळा बांधायला घेतलाय. कौस्तुभ किंवा त्यांच्या घरचे खात नसतील तर आत्ताच कळव, नाहीतर सगळा डबा गाडीभर वास मारत येईल. मी सांगून थकलो.

यंत्रांचं असं झालं. रोशनने सगळी सोडवली. चांगल्या भागांचे दोन संगणक उभे राहिले, व्यवस्थित पेटीत बसवलेले. एक गावच्या वाचनालयात ठेवला, दुसरा बायकांच्या बचत गटाला दिला. उरलेलं तो दुकानात घेऊन गेला, म्हणाला, कुणा ना कुणाच्या मशीनला लागेलच. निवटीची पाटी मात्र कशातच बसेना, फार जुनी. ती मी ठेवून घेतली नाही. ठेवली असती तर पुसत बसलो असतो.

तू विचारलं होतंस म्हणून सांगतो. यादी मी एकदा बघितली, रोशनच्या दुकानात बसून. ती चालूच आहे. बाकीची माणसं आपापल्या कामांवर आहेत, त्यांचे गुण वाढतात, आणि आपला भूपेश जिथे होता तिथून जरा खाली आलाय. कोण कुठल्या देशातले, त्याच्या पुढे निघून गेले. मला वाटलं होतं बघवणार नाही. पण तसं काही झालं नाही. शाळेतून सगळी मुलं घरी निघतात तेव्हा एखादा झाडाखाली बसतो आणि बाकीचे पुढे जातात, तसं वाटलं. मी पान बंद केलं आणि रोशनबरोबर चहा प्यायला गेलो. तूही आता हवं तर बघ, नको तर नको. दोन्ही ठीक आहे.

माझे हात रिकामे राहतील याची रुक्मिणीला काळजी होती. पण वाचनालयातल्या संगणकाचा पंखा आवाज करतो अशी तक्रार आलीच आहे. उद्या जाऊन बघतो.

त्या खोलीला काल चुना दिला. फळ्या काढल्या, भिंतीतले खिळे उपटले, भोकं बुजवली. रुक्मिणीने माळ्यावरून मोठा पलंग उतरवून घेतलाय. मे महिन्यात तुम्ही दोघं आठ दिवस राहायला यायचं, हे तिने परस्पर ठरवून टाकलंय. माहेरी पहिला उन्हाळा चुकवायचा नसतो म्हणे. आता ती माझ्या डोक्यावर उभी आहे आणि विचारते आहे की कौस्तुभना खाडीचा वारा सोसतो का. सोसत असेल तर पलंग खिडकीशी लावते, नाहीतर आतल्या भिंतीला. सारखा सरकवून माझी कंबर मोडलीय.

तेवढं कळव.

तुझे,
आई आणि बाबा